कागदविरहित ऑफिस आणि मोंढ्यातली हिशोबपट्टी: एका गाजलेल्या पुस्तकाचं माजलगावातून वाचन

वाणिज्य, व्यवस्थापन आणि ग्रंथालयशास्त्राच्या संशोधन प्रस्तावांत हल्ली एका धाटणीचं शीर्षक सारखं दिसतं: ‘अमुक तालुक्यातील व्यापारी आस्थापनांचे कागदी दस्तऐवजांकडून इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज व्यवस्थापनाकडे स्थित्यंतर: एक चिकित्सक अभ्यास’. शीर्षकात ‘चिकित्सक’ असतं. आत गेलं की पाच पर्यायांची प्रश्नावली असते. संगणकामुळे वेळ वाचला का? खर्च कमी झाला का? कागद शोधणं सोपं झालं का? उत्तर आधीच ठरलेलं असतं: हो, हो आणि हो. शेवटी ‘कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे’ अशी शिफारस.

तुम्ही असा विषय घ्यायच्या विचारात असाल तर प्रश्नावली छापण्याआधी एक पुस्तक वाचा, आणि ते वाचताना त्याच्याशी भांडा. पुस्तक आहे अॅबिगेल सेलन आणि रिचर्ड हार्पर यांचं ‘द मिथ ऑफ द पेपरलेस ऑफिस’. एमआयटी प्रेसचं, २००२ सालचं. या विषयावर लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण त्याचा संदर्भ देतो. मी ते माजलगावच्या मोंढ्याला लावून बघणार आहे. सोयाबीन-कापसाच्या या बाजारात पुस्तकाचं काय टिकतं आणि काय तुटतं, ते पाहू.

आधी पुस्तकाचं म्हणणं नीट समजून घ्या, कारण टीका करायची तर समोरच्याची बाजू त्याच्याइतकीच चांगली मांडता आली पाहिजे.

‘कागदविरहित ऑफिस’ ही कल्पना जुनी आहे. १९७५ साली ‘बिझनेस वीक’ने भविष्यातल्या ऑफिसवर लेख छापला, त्यात झेरॉक्सच्या संशोधन केंद्राचे प्रमुख जॉर्ज पेक यांनी टेबलावरच्या पडद्यावर कागदपत्रं येतील असं भाकीत केलं होतं. पडदे आले, कागद मात्र गेला नाही. सेलन-हार्पर यांनी दिलेला एक आकडा प्रसिद्ध आहे: कचेरीत ईमेल आली की कागदाचा वापर सरासरी ४० टक्क्यांनी वाढला. असं का होतं, हा त्यांचा प्रश्न.

त्यांचं उत्तर एका वाक्यात: कागद काही गोष्टी करू देतो, त्या पडदा करू देत नाही. कागद चाळता येतो, दोन-तीन कागद शेजारी मांडून ताडून बघता येतात, समासात खूण करता येते, वाचता वाचता लिहिता येतं. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीतले अर्थतज्ज्ञ अहवाल कसे लिहितात, विमान वाहतूक नियंत्रक प्रत्येक विमानासाठीची कागदी पट्टी कशी हलवतात आणि त्यावर खुणा कशा करतात, अशा प्रत्यक्ष निरीक्षणांवर हे म्हणणं उभं आहे. ऑफिसं कागद का हटवू पाहतात याचीही तीन कारणं ते वेगळी करतात. एक, कागद ‘जुनाट’ दिसतो म्हणून. दोन, साठवण आणि छपाईचा खर्च होतो म्हणून. तीन, काही कामं कागदावर खरोखरच अडतात म्हणून. केवळ पहिल्या कारणासाठी केलेला बदल फसतो, आणि आधी काम करण्याची पद्धत बदलली तरच कागद आपोआप कमी होतो, हा त्यांचा निष्कर्ष.

आता हे मोंढ्यात आणू.

शेतकरी माल घेऊन अडतीवर येतो. सौदा होतो, माल काट्यावर चढतो, मग हिशोबपट्टी होते. पट्टीवर नाव, गाव, माल, कट्टे किती, वजन, भाव, त्यातून हमाली-तोलाई वजा, आधी घेतलेली उचल असेल तर तीही वजा, आणि खाली निव्वळ रक्कम. पट्टीबुकात कार्बन असतो. वरची प्रत शेतकऱ्याच्या खिशात जाते, खालची दुकानात राहते. संध्याकाळी मुनीम त्यावरून रोकड मिळवतो आणि खतावणीला नोंद टाकतो. बऱ्याच ठिकाणी ही खतावणी आता टॅलीत आहे.

पुस्तकाचं पहिलं म्हणणं इथं पूर्ण खरं ठरतं. हंगामात अडतीवर दहा माणसं एकाच वेळी बोलत असतात. काट्यावरून वजन ओरडून सांगितलं जातं, शेतकरी समोर उभा असतो, हमालाला कट्टे मोजून हवे असतात. अशा वेळी हातातलं पट्टीबुक कुठल्याही पडद्यापेक्षा चपळ असतं. मुनीम कोपऱ्यात पेन्सिलीनं ‘उद्या’ लिहितो, त्याचा अर्थ दुकानात सगळ्यांना कळतो. सॉफ्टवेअरमध्ये ‘उद्या’साठी रकाना नसतो. एखादी अडत सॉफ्टवेअर घेऊनही पट्टीबुक सोडत नसेल, तर तुम्ही ‘मालकाची मानसिकता जुनी आहे’ असं लिहून मोकळे होऊ नका. तसं लिहू नये, याची कारणं या पुस्तकात आहेत.

दुसरी उपयोगी गोष्ट म्हणजे ‘गरम’, ‘कोमट’ आणि ‘थंड’ कागदांची वर्गवारी. चालू हंगामाच्या पट्ट्या गरम, मागच्या हंगामाच्या कोमट, त्यापलीकडच्या थंड. थंड कागद सगळ्यात आधी स्कॅन करून टाकावेत असं कुणालाही वाटतं, कारण कपाट त्यांनीच भरलेलं असतं. पण जीएसटीच्या कायद्याप्रमाणे हिशोबाची कागदपत्रं त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. थंड कागद बहुतेक वेळा थंडच राहतो. एखाद्या दिवशी नोटीस येते, आणि मग दुकानात त्याच्याइतकं गरम दुसरं काही नसतं.

इथपर्यंत मी पुस्तकाच्या बाजूनं आहे. माझा आक्षेप पुढे आहे.

सेलन आणि हार्पर ज्या कागदाकडे बघतात, तो एकाच संस्थेच्या आत फिरणारा कागद आहे. नाणेनिधीतला अहवाल लिहिणारा, वाचणारा, सुधारणारा, सगळे एकाच पगारपत्रकावर. विमानाची पट्टी हलवणारे दोघंही एकाच बाजूचे. त्यामुळे पुस्तकातला प्रश्न कायम एकच राहतो: हा कागद *काम* कसं सोपं करतो?

हिशोबपट्टी तशी नाही. ती दोन पक्षांमध्ये जाते, आणि त्या दोघांचं हित एक नाही. एकाला पैसे द्यायचे आहेत, दुसऱ्याला घ्यायचे आहेत. एकाकडे कपाट, संगणक, मुनीम आणि सीए आहे. दुसऱ्याकडे शर्टाचा खिसा आहे. अशा ठिकाणी कागद काम सोपं करतोच, शिवाय आणखी एक गोष्ट करतो: दोघांनाही एकाच वेळी लिहिलेली एकसारखी प्रत देतो. कार्बन पेपरची खरी करामत ही आहे. दुकानदाराला नंतर आपल्या प्रतीत आकडा फिरवायचा असेल तर शेतकऱ्याच्या खिशातली प्रत फिरवता येत नाही.

हाच कागद टॅलीत गेला की काय होतं? नोंद दुकानात राहते, शेतकऱ्याला छापील प्रत मिळते, किंवा व्हॉट्सअॅपवर पीडीएफ येते, किंवा नुसता रकमेचा मेसेज येतो. दुकानाच्या दृष्टीनं तिन्ही सारखेच, ‘रेकॉर्ड झालं’. शेतकऱ्याच्या दृष्टीनं तिघांत मोठा फरक आहे. पुस्तक वाचून तयार केलेल्या प्रश्नावलीत हा फरक पकडला जात नाही, कारण पुस्तकात खिशातल्या प्रतीचा माणूसच नाही.

माजलगाव सोडा, सगळ्या महाराष्ट्रानं हा फरक सरकारी पातळीवर दोन वेळा पाहिला आहे.

पहिला प्रसंग २०२३ चा. कांद्याचे भाव पडले, आणि राज्य सरकारनं १ फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२३ या काळात विकलेल्या कांद्याला क्विंटलला ३५० रुपये, प्रत्येक शेतकऱ्याला जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत, अनुदान जाहीर केलं. अर्जासोबत काय मागितलं? विक्रीची मूळ पट्टी आणि सातबारा. नुसता फोनवरचा मेसेज असलेल्या आणि मूळ पट्टी जपून ठेवलेल्या शेतकऱ्याची स्थिती त्या दिवशी सारखी नव्हती. विक्री करताना त्या कागदाची किंमत कुणालाच माहीत नव्हती. ती नंतर ठरली.

दुसरा प्रसंग २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनचा, म्हणजे थेट माजलगावच्या पिकांचा. हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत. या वेळी विक्रीची पट्टी लागत नव्हती, आधार होता ई-पीक पाहणीच्या नोंदीचा. ज्याची अॅपवर नोंद नाही त्याचं पीक शेतात उभं असूनही यादीत नव्हतं. पुढे ही अट शिथिल करून सातबाऱ्यावर पीक असलेल्यांनाही घ्यावं लागलं.

दोन्ही प्रसंग शेजारी ठेवा. पहिल्यात कागद मागितला, दुसऱ्यात इलेक्ट्रॉनिक नोंद. दोन्ही वेळा प्रश्न एकच होता: पुरावा कुणाच्या हातात आहे, आणि तो नसेल तर दुरुस्त करायला कुणाकडे जायचं? ‘कागद की डिजिटल’ हा प्रश्न यापुढे दुय्यम ठरतो.

न्यायालयातही हेच दिसतं, आणि त्याचं देशभर दाखला म्हणून वापरलं जाणारं उदाहरण माजलगावच्या शेजारच्या जिल्ह्यातून आलं आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात उमेदवारी अर्ज वेळ संपल्यानंतर स्वीकारला गेला का, असा वाद झाला. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातलं चित्रीकरण. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत त्या यंत्राची जबाबदारी असलेल्या माणसाचं प्रमाणपत्र लागतं. वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी ते दिलं नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ जुलै २०२० रोजी अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलाश कुशनराव गोरंट्याल या खटल्याचा निकाल लागला. न्यायालयानं सांगितलं की प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मूळ यंत्रच त्याच्या मालकानं न्यायालयात आणून सिद्ध केलं तर ते लागत नाही. आणि संबंधित माणूस प्रमाणपत्र देत नसेल तर न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवता येतं.

संशोधक म्हणून यातून एवढं घ्या: इलेक्ट्रॉनिक नोंद सिद्ध करण्याची चावी सहसा यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडे असते. आज १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये हे प्रमाणपत्र दोन भागांचं आहे, त्यात तज्ज्ञाची सही आणि नोंदीचं हॅश मूल्यही लागतं. जिल्ह्याच्या ठिकाणच्या मोठ्या संस्थेला हे जमेल. अडतीवर माल घालणाऱ्या माणसाला दुकानाच्या संगणकातल्या आपल्याच हिशोबासाठी हे मिळवायचं म्हणजे आधी त्याच दुकानदाराकडे जावं लागणार.

‘म्हणजे डिजिटल वाईट आणि कागद चांगला’ असा अर्थ मात्र काढू नका. तो तर आणखी सोपा निष्कर्ष झाला. कार्बनची प्रत दोन पावसाळ्यांत पुसट होते. इलेक्ट्रॉनिक काट्याच्या थर्मल कागदावरची अक्षरं त्याहून लवकर उडतात. कच्च्या चिठ्ठीवर सौदा होऊन पक्की पट्टी हातात पडत नाही, असंही घडतं, आणि तिथं कागद असून नसल्यासारखा.

उलट दिशेचं उदाहरणही त्याच साखळीत आहे. जिनिंगमधून निघालेल्या कापसाच्या गाठी मोठा व्यापारी पुढे विकतो तेव्हा, त्याची उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर, १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस सक्तीचं आहे. त्या बिलाला सरकारी पोर्टलवरून क्रमांक आणि क्यूआर कोड मिळतो. घेणारा तो तपासू शकतो. नोंद विकणाऱ्याच्या संगणकावर अवलंबून राहत नाही, तिसऱ्या ठिकाणी राहते. म्हणजे डिजिटलमध्येही दोन्ही पक्षांना समान प्रत देता येते. ही सोय साखळीच्या वरच्या टोकाला कायद्यानं आणली. ज्याच्या शेतातून कापूस आला त्याच्या हिशोबपट्टीला असा क्रमांक नाही. तो का नाही, हा पीएचडीच्या लायकीचा प्रश्न आहे.

हा आक्षेप माझा एकट्याचा नाही, आणि साहित्य परीक्षणात तुम्हाला त्याची वंशावळ दाखवावी लागेल. मॅथ्यू हल यांचं ‘गव्हर्नमेंट ऑफ पेपर’ (२०१२) इस्लामाबादच्या नगरविकास प्राधिकरणातल्या फायलींचा माग काढतं. फाईल कुणाकडे गेली, कुणी सही केली, कुणी टाळली, यातून जबाबदारी कशी वाटली जाते, हे ते दाखवतं. त्याआधी जोअॅन येट्स यांनी ‘कंट्रोल थ्रू कम्युनिकेशन’ (१९८९) मध्ये अमेरिकन कंपन्यांचा १८५० ते १९२० चा इतिहास लिहिला. फायली उभ्या लावण्याची पद्धत, टंकलेखन, छापील नमुने यांच्यासोबत व्यवस्थापनाचं नियंत्रण कसं वाढलं, हे त्यात आहे. हल यांच्याकडे सत्ता आहे, पण व्यापार नाही. येट्स यांच्याकडे व्यापार आहे, पण तो कंपनीच्या भिंतींच्या आतला. सेलन-हार्पर यांच्याकडे कामाचं बारीक निरीक्षण आहे, पण दोन विरुद्ध हितांचे पक्ष नाहीत. या तिघांच्या मधली रिकामी जागा म्हणजे मोंढा. संशोधनातली ‘उणीव’ अशी दाखवायची असते. ‘बीड जिल्ह्यावर आजवर अभ्यास झालेला नाही’ एवढ्यानं उणीव सिद्ध होत नाही. ते फक्त भूगोलाचं विधान आहे.

आता तुमच्या प्रस्तावाकडे वळू. तीन बदल सुचवतो.

पहिला बदल नमुना निवडीत. प्रस्तावांत बहुधा फ्रेड डेव्हिस यांचं १९८९ चं तंत्रज्ञान-स्वीकृती प्रारूप वापरलेलं असतं. वापरणाऱ्याला साधन उपयोगी वाटतं का, सोपं वाटतं का, यावर तो ते स्वीकारतो की नाही हे ठरतं, असं ते सांगतं. प्रारूप चुकीचं नाही. पण त्यात ‘वापरणारा’ म्हणजे ज्याच्याकडे लॉगिन आहे तो. शेतकरी सॉफ्टवेअर वापरत नाही, त्याच्यावर ते वापरलं जातं. हमालाचंही तसंच, त्याची हमाली त्याच पट्टीतून मोजली जाते. तुमच्या यादीत फक्त मालक आणि मुनीम असतील तर ‘९० टक्के समाधानी’ हा निकाल तुम्ही नमुना निवडतानाच लिहून ठेवलेला आहे.

दुसरा बदल अभ्यासाच्या एककात. दुकान हे एकक घेऊ नका, पट्टी घ्या. समजा, मागच्या हंगामातल्या वीस पट्ट्या निवडल्या. प्रत्येक पट्टीसाठी शेतकरी, अडत्या आणि सीए या तिघांनाही वेगवेगळं सांगा: ‘हा व्यवहार मला दाखवा.’ कुणाला किती वेळ लागला, काय दाखवलं, मूळ प्रत की फोटो, आकडे जुळले का, एवढं टिपा. वीस पट्ट्यांचा असा तक्ता दोनशे प्रश्नावल्यांपेक्षा जास्त बोलेल. फक्त जपून. पट्टीवर उचल लिहिलेली असते, म्हणजे तुम्ही कुणाचं तरी कर्ज वाचत असता. दोन्ही पक्षांची परवानगी घ्या, नावं आणि गावं झाका, आणि एकाचा आकडा दुसऱ्याला कधीही सांगू नका. तुमच्या अभ्यासामुळे कुणाचा पुढच्या हंगामातला व्यवहार बिघडला तर त्याची भरपाई कुठलाही प्रबंध करू शकत नाही.

तिसरा बदल काळात. सॉफ्टवेअर बसवल्यानंतर सहा महिन्यांनी घेतलेली मुलाखत नेहमी गोडच असते. दस्तऐवजाची परीक्षा ज्या दिवशी त्याची गरज पडते त्या दिवशी होते: अनुदान, नोटीस, वाटणीचा वाद, संगणकाची हार्ड डिस्क जाणं, मुनीम दुकान सोडून जाणं. असा एखादा प्रसंग घडून गेलेली दुकानं शोधा. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ७ मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंद जपण्याच्या अटी आहेत: ती पुढेही वाचता आली पाहिजे, मूळ स्वरूपात किंवा मूळ माहिती अचूक दाखवणाऱ्या स्वरूपात असली पाहिजे, आणि ती कुठून कुठं, कधी गेली हे कळलं पाहिजे. या अटी घेऊन पाच वर्षांपूर्वीची एक नोंद उघडायला सांगा. ती उघडते का, कोण उघडतं, पासवर्ड कुणाला माहीत आहे, हे टिपलं की तुमच्या ‘निष्कर्ष’ प्रकरणाला पाया मिळेल.

सेलन-हार्पर यांना तरीही वाचाच. माणसं प्रत्यक्षात कागदाचं काय करतात हे शेजारी उभं राहून बघायला त्यांच्याइतकं चांगलं कुणी शिकवत नाही. त्यांची नजर घ्या, आणि मोंढ्यात उभं राहताना एक पाऊल सरका: मुनिमाच्या मागून बघू नका, गल्ल्यासमोर पट्टीची वाट बघत उभ्या असलेल्या माणसाच्या मागून बघा. प्रस्तावातला पहिला संशोधन प्रश्नही तिथूनच लिहा: दुकान संगणकावर गेल्यानंतर, व्यवहाराची कोणती प्रत या माणसाकडे उरली, आणि ती कुठं कुठं चालते?